देवाच्या घरातले दत्तक वारस

ख्रिस्ती माणूस स्वतःला 'देवाचे लेकरू' म्हणवतो, तेव्हा बेळगाव, खानापूर किंवा निपाणीकडच्या मराठी माणसाला त्यात नवे असे काही वाटत नाही. ज्या मुलखात विठ्ठलाला माउली म्हणतात आणि आषाढी-कार्तिकीला पंढरीच्या वाटेला लागतात, तिथे देव हाच आईबाप ही घरोघरची भाषा आहे. त्यामुळे प्रश्न साहजिकच पडतो की, सगळीच माणसे देवाची लेकरे असतील, तर 'देवाच्या कुटुंबात येणे' असे ख्रिस्ती लोक ज्याला म्हणतात ते नेमके काय आहे, आणि त्या कुटुंबात आल्यावर असे कोणते अधिकार मिळतात जे एरवी मिळत नाहीत?

ख्रिस्ती शिकवण या प्रश्नाचे उत्तर दोन पायऱ्यांनी देते. निर्माता या नात्याने देव सर्वांचाच आहे. अथेन्स शहरात बोलताना पहिल्या शतकातला ख्रिस्ती प्रेषित पौल याने एका ग्रीक कवीचाच आधार घेऊन 'आपण देवाचा वंश आहोत' असे श्रोत्यांना सांगितले होते, आणि ते श्रोते ख्रिस्ती नव्हते. परंतु बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय त्याच्या पुढची गोष्ट सांगतो: ज्यांनी येशूचा स्वीकार केला, त्यांना देवाची मुले होण्याचा अधिकार देण्यात आला. जो अधिकार द्यावा लागतो तो आधीपासून हाती नसतो. निर्मात्याशी असलेले नाते तुटले आहे, ते माणसाच्या पापाने तुटले आहे, आणि ते पुन्हा जोडून देण्याचे काम देवाने स्वतःकडे घेतले, ही या शिकवणीची बैठक आहे. हा दावा अनेकांना अडचणीचा वाटतो, हे मान्य केले पाहिजे. खुद्द ख्रिस्ती विचारवंतांपैकी काहींनी, विशेषतः एकोणिसाव्या शतकात, देवाच्या सर्वव्यापी पितृत्वावर अधिक भर दिला. तरीही चर्चच्या मुख्य प्रवाहाने योहानाची ती दुसरी पायरी कधी सोडलेली नाही.

हे नाते समजावताना बायबलच्या दुसऱ्या भागाने, म्हणजे नव्या कराराने, दोन चित्रे वापरली आहेत. एक नव्या जन्माचे, जे निकदेम नावाच्या यहुदी पुढाऱ्याशी झालेल्या येशूच्या रात्रीच्या संभाषणात येते. आणि दुसरे दत्तकाचे. जन्माचे चित्र माणसाच्या आत काय बदलते ते दाखवते, तर दत्तकाचे चित्र त्याचा दर्जा कसा बदलतो ते दाखवते. अधिकारांचा विषय दुसऱ्या चित्रातून जास्त स्पष्ट होतो, म्हणून या लेखात मुख्यतः त्याच्याच आधाराने पुढे जाऊ.

दत्तकाची ही कल्पना पौलाच्या पत्रांत पाच ठिकाणी येते. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात तीनदा, आणि गलतीकर व इफिसकर यांना लिहिलेल्या पत्रांत एकेकदा. रोमी समाजात दत्तक घेणे म्हणजे बहुधा अनाथ बाळाला आसरा देणे नसे. घराण्याचे नाव, कुलदेवतांची पूजा आणि मालमत्ता पुढे चालावी म्हणून बऱ्याचदा प्रौढ पुरुषाला दत्तक घेतले जाई, आणि दत्तक गेलेला माणूस कायद्याने जुन्या घरातून उठून नव्या घराचा पूर्ण पुत्र होई. ज्युलियस सीझरने मृत्युपत्राद्वारे ऑक्टेवियनला दत्तक घेतले, हे इ. स. पू. 44 मध्ये त्याच्या हत्येनंतर उघड झाले, आणि तोच ऑक्टेवियन पुढे ऑगस्टस म्हणून सम्राट झाला. क्लॉडियस बादशहाने इ. स. 50 मध्ये, पोटचा मुलगा ब्रिटानिकस हयात असताना, नीरोला दत्तक घेतले आणि चार वर्षांनी नीरो गादीवर बसला. पौलाचे रोमकरांस पत्र साधारण इ. स. 57 च्या सुमाराचे मानले जाते. म्हणजे रोममधल्या ज्या ख्रिस्ती मंडळीला ते पत्र पोहोचले, तिच्या डोळ्यांसमोर एक दत्तक पुत्रच साऱ्या साम्राज्यावर राज्य करत होता, आणि दत्तक हा दुय्यम दर्जाचा मुलगा असतो असे तिला कोणी पटवू शकले नसते.

आपल्या भागात मात्र दत्तकाची आठवण वेगळी आहे. 1824 मध्ये कित्तूरचे देसाई शिवलिंगरुद्र सर्जा निपुत्रिक वारले आणि शिवलिंगप्पा यांना दत्तक वारस म्हणून पुढे करण्यात आले. कंपनी सरकारने हे दत्तकविधान मान्य केले नाही. त्यातून राणी चन्नम्मांचा लढा उभा राहिला, ऑक्टोबरच्या लढाईत धारवाडचा अधिकारी थॅकरे मारला गेला, डिसेंबरमध्ये किल्ला पडला, आणि पुढे त्याच दत्तक वारसाच्या हक्कासाठी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांना 1831 मध्ये खानापूर तालुक्यातील नंदगड येथे फाशी देण्यात आली. दत्तक घेणारा तर निघून गेला होता. वारसाचा हक्क ठरवणे तिसऱ्याच्या हाती पडले होते, आणि त्या तिसऱ्याचा डोळा संस्थानावरच होता. ख्रिस्ती शिकवणीतल्या दत्तकाचे बळ याच्या नेमके उलट बाजूला आहे. इथे दत्तक घेणारा, मालमत्तेचा धनी आणि अखेरचा न्यायाधीश हे तिघे एकच आहेत, आणि तो मरण पावणारा नाही. त्यामुळे एकदा त्याने 'हे माझे मूल' म्हटल्यावर त्या शब्दाला मान्यता देण्यासाठी कोणी थॅकरे उरत नाही.

रोमी दत्तकापासूनही ही कल्पना एका महत्त्वाच्या बाबतीत वेगळी आहे. कित्तूर असो की रोम, दत्तक बहुधा वारस नसतो म्हणून किंवा असलेला पसंत नसतो म्हणून घेतला जातो. ख्रिस्ती विश्वासानुसार देवाचा एकुलता एक पुत्र अनादिकालापासून आहे आणि पित्याचा लाडका आहे. घर रिकामे नव्हते. म्हणून इफिसकरांस पत्र या दत्तकाचे कारण देवाच्या गरजेत शोधत नाही, ते त्याच्या स्वेच्छेत आणि प्रीतीत शोधते. आणि हे दत्तकविधान फुकट झाले असेही नाही. गलतीकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायानुसार नियमशास्त्राच्या बंधनात असलेल्यांना सोडवण्यासाठी तो एकुलता पुत्र स्वतः माणूस म्हणून, त्याच बंधनाखाली जन्मला. दोषी ठरलेल्यांच्या जागी पुत्र उभा राहिला, म्हणून दोषींना पुत्राच्या जागी उभे राहता आले. ख्रिस्ती लोक क्रुसाकडे पाहताना जे पाहतात ते थोडक्यात हेच आहे. येशू स्वभावतः पुत्र आहे आणि बाकीचे कृपेने. हा भेद चर्चने कायम जपला आहे.

येथे एक विसंगती नोंदवाविशी वाटते. ज्या धर्माच्या केंद्राशी दत्तकाची कल्पना आहे, त्याच्या भारतातील अनुयायांना स्वतःचा दत्तक कायदा नाही. 1956 चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यापुरता आहे. ख्रिस्ती दांपत्यांना दीर्घकाळ 1890 च्या पालक व पाल्य कायद्याचा आधार घ्यावा लागला, ज्यात मूल सज्ञान होताच पालकत्व संपते आणि ते कायद्याने वारस ठरत नाही. बालन्याय कायद्यामुळे ही अडचण अलीकडच्या काळात दूर झाली. पालक आणि पिता यांतला जो फरक पौलाने गलतीकरांस पत्राच्या त्याच चौथ्या अध्यायात समजावला, तो येथील ख्रिस्ती घरांनी न्यायालयाच्या कागदांवर अनुभवला.

आता अधिकारांकडे येऊ. त्यांतला पहिला आणि रोजच्या वापरातला अधिकार म्हणजे देवाला बाप म्हणून हाक मारण्याचा. 'अब्बा' हा येशूच्या मातृभाषेतला, घरात वडिलांना मारायच्या हाकेचा शब्द नव्या करारात तीनदा येतो. दोनदा तो विश्वासणाऱ्यांच्या तोंडी आहे आणि एकदा स्वतः येशूच्या, गेथशेमाने बागेत, अटक होण्याच्या रात्री. म्हणजे पुत्राची स्वतःची हाक दत्तक मुलांना वापरायला मिळाली आहे, आणि ती हाक अंतःकरणातून उमटवण्याचे काम पवित्र आत्मा करतो असे पौल सांगतो. जुन्या यरुशलेमच्या मंदिरात परमपवित्रस्थानाच्या पडद्याआड फक्त मुख्य याजक, तोही वर्षातून एकदा, जाऊ शकत असे. येशूच्या मृत्यूच्या वेळी तो पडदा वरपासून खालपर्यंत फाटला, असे शुभवर्तमाने नोंदवतात. त्यानंतर प्रवेशासाठी ओळख, वशिला, दक्षिणा किंवा जन्माची अट राहिली नाही. कॅथॉलिक भाविक मरियेकडे आणि संतांकडे आपल्यासाठी प्रार्थना करण्याची विनंती करतात आणि प्रोटेस्टंट तसे करत नाहीत, हा भेद खरा आहे. परंतु बाप्तिस्मा झालेला साधा माणूस थेट पित्याशी बोलू शकतो, याविषयी दोघांत वाद नाही.

हा अधिकार हाक मारण्याचा आहे, मागितलेले सर्व मिळण्याचा नाही, हे गेथशेमानेतच स्पष्ट होते. 'अब्बा' म्हणून पुत्राने जो प्याला टळावा अशी विनंती केली तो टळला नाही. प्रार्थनेची हमखास फळे सांगणाऱ्या सभांच्या पत्रकांवर हा प्रसंग सहसा दिसत नाही, आणि तो न दिसण्यात त्या सभांची सोय आहे असे मला वाटते.

दुसरा अधिकार वारशाचा, आणि त्यावर थोडे थांबायला हवे, कारण सीमाभागातल्या माणसाला वारसा म्हणजे काय ते वेगळे सांगावे लागत नाही. उताऱ्यावर नाव चढेपर्यंत जमीन आपली असूनही आपली नसते, हे त्याने पाहिलेले असते. पौल लिहितो की मुले आहोत म्हणून वारीस आहोत, देवाचे वारीस आणि ख्रिस्ताबरोबर सोबतीचे वारीस. भावाभावांच्या वाटणीत एकाचा हिस्सा वाढला की दुसऱ्याचा घटतो. परंतु इथे वतन म्हणून जे मिळते ते मुळात देवाचा सहवास, मरणावर विजय आणि नवी सृष्टी असल्यामुळे वारस वाढले तरी कोणाचा वाटा कमी होत नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रात या वतनाचे वर्णन अविनाशी, निर्मळ आणि न कोमेजणारे असे केलेले आहे, आणि ते स्वर्गात राखून ठेवले आहे असे म्हटले आहे. पूर्ण ताबा अद्याप मिळालेला नाही, पण विसार मिळालेला आहे: इफिसकरांस पत्र पवित्र आत्म्याला या वतनाचा विसार म्हणते. व्यवहार पुरा होणार याची खूण म्हणून आधी हाती येणारी ती रक्कम असते, आणि ती देणाऱ्याला बांधते.

या वारशापायी इथल्या पहिल्या ख्रिस्ती पिढीला काय सोडावे लागले, हे विसरून चालणार नाही. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे काम 1820 च्या सुमारास सुरू झाले. मराठीच्या आरंभीच्या कादंबरीकारांत ज्यांची गणना होते ते बाबा पदमनजी 1831 मध्ये बेळगावातच जन्मले आणि 1854 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याच्या चारच वर्षे आधी, 1850 मध्ये, जातिनिर्बंध निवारणाचा कायदा झाला होता. त्यापूर्वी धर्म बदलणाऱ्याचा वडिलोपार्जित मालमत्तेतला हक्क शास्त्राप्रमाणे बुडत असे. कायद्याने जमिनीतला वाटा राखला, पण पंगतीतले पान, लग्नकार्यातले बोलावणे आणि मरणाच्या वेळचे खांदे कोणत्याही कायद्याला राखता येत नव्हते. अशा माणसाला मार्काच्या दहाव्या अध्यायातले येशूचे वचन निराळेच ऐकू येत असणार: माझ्यासाठी घर, भाऊ, बहिणी, आई, बाप सोडणाऱ्याला याच काळात शंभरपटीने घरे, भाऊ, बहिणी मिळतील, आणि त्यांच्याबरोबर छळही. छळाचा उल्लेख त्याच वाक्यात आहे. रोमकरांस पत्रातही सोबतीच्या वारशाला जोडूनच ख्रिस्ताबरोबर दुःख सोसण्याची अट येते. देवाचे मूल झाले की धंदा वाढतो, आजार जातो आणि व्हिसा मिळतो अशी शिकवण जे देतात, ते वतनाच्या कागदातले अर्धेच कलम वाचून दाखवतात.

मुलींचा प्रश्नही इथेच येतो. गलतीकरांस पत्रात सर्वांना 'पुत्र' म्हटले आहे, आणि लगेच पुढे ख्रिस्तात पुरुष आणि स्त्री हा भेद नाही असेही म्हटले आहे. म्हणजे पुत्राला मिळणारा पूर्ण वारसा मुलीलाही लागू आहे. मंडळीत हे वाचले गेले, पण घरात ते नेहमीच पाळले गेले असे नाही. केरळातील सिरियन ख्रिस्ती मुलींना वडिलांच्या मालमत्तेत भावाइतका वाटा मिळण्यासाठी मेरी रॉय यांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले, आणि त्यांच्या बाजूने निकाल लागला तो 1986 मध्ये.

तिसरा अधिकार भावंडांचा. एकाच बापाला हाक मारणारे सारे आपोआप एकमेकांचे भाऊबहीण ठरतात, आणि भावंडे निवडता येत नाहीत. यरुशलेमच्या मंदिरात परराष्ट्रीयांनी ओलांडू नये असे एक दगडी कुंपण होते, आणि पुढे गेल्यास मरण ओढवून घ्याल अशी ताकीद ग्रीकमध्ये त्यावर कोरलेली होती. तसा एक शिलालेख 1871 मध्ये सापडला आणि तो आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. त्रफिम नावाच्या इफिसकराला या कुंपणाच्या आत नेल्याच्या आरोपावरूनच पौलावर जमाव धावून गेला होता. इफिसच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात जेव्हा मधली आडभिंत पाडली गेली असे म्हटले जाते, आणि तुम्ही आता परके व उपरे नसून देवाच्या घरचे आहात असे सांगितले जाते, तेव्हा त्यामागे असा रक्ताळलेला अनुभव आहे.

बेळगावकराला आडभिंतीसाठी यरुशलेमपर्यंत जावे लागत नाही. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपासून सीमाप्रश्न चिघळलेला आहे, तो 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि दरवर्षी 1 नोव्हेंबरला एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसरीकडे मराठी भाषकांचा काळा दिवस असतो. योगायोग असा की कॅथॉलिक पंचांगात हाच दिवस सर्व संतांचा सण आहे. त्या दिवशीच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, बायबलच्या प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकातला एक उतारा वाचला जातो, ज्यात सर्व राष्ट्रांचे, वंशांचे आणि भाषा बोलणारे, कोणाला मोजता येणार नाही इतके लोक एका सिंहासनापुढे उभे आहेत. आणि दुसरे वाचन योहानाच्या पहिल्या पत्रातले असते, जे आपल्याला देवाची मुले हे नाव मिळावे यात पित्याने किती प्रीती केली ते पाहा, असे म्हणते. 1953 मध्ये स्थापन झालेल्या बेळगाव धर्मप्रांतात मराठी, कन्नड, कोंकणी आणि इंग्रजी या साऱ्या भाषांतले भाविक आहेत. भाषेचा न्याय्य हक्क मागू नये असे या वाचनांत कुठेही नाही, आणि प्रकटीकरणातल्या त्या समुदायात भाषा मिटूनही गेलेल्या नाहीत. पण मोर्चात समोरच्या बाजूला असलेला माणूस वेदीपाशी शेजारी गुडघे टेकतो तेव्हा तो भाऊच असतो, आणि ही गोष्ट ख्रिस्ती माणसाला ऐच्छिक म्हणून सोडून देता येत नाही.

जातीच्या बाबतीत हे कुटुंब अनेकदा नापास झाले आहे. फिलेमोनाला लिहिलेल्या लहानशा पत्रात पौलाने पळून गेलेल्या अनेसिम या गुलामाला दास म्हणून नव्हे, प्रिय बंधू म्हणून परत घे, असे सांगितले. तरीही लग्ने जुळवताना मूळची जात विचारणारी ख्रिस्ती घरे कमी नाहीत.

शिस्त हा अधिकार म्हणून मोजावा, हे पुष्कळांना विचित्र वाटेल. इब्री लोकांस पत्राचा बारावा अध्याय मात्र तसेच म्हणतो: बाप ज्याला आपला मुलगा समजतो त्यालाच वळण लावतो, आणि ज्याला कोणी वळण लावत नाही तो औरस नव्हे. संकट आले म्हणजे देवाने टाकले असा अर्थ यामुळे विश्वासणाऱ्याला लावता येत नाही. पण याचा उलट वापरही करू नये. प्रत्येक आजार ही एखाद्या पापाची शिक्षा, असे रुग्णाच्या खाटेशी बसून सांगणारे उपदेशक भेटतात. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी असाच तर्क केला, तेव्हा याने पाप केले नाही आणि याच्या आईबापांनीही नाही, असे येशूने स्पष्ट सांगितले होते.

राहिला प्रश्न हे नाते टिकण्याचा. हिंदू दत्तक कायद्याच्या पंधराव्या कलमानुसार वैध दत्तक कोणालाही रद्द करता येत नाही, आणि दत्तक गेलेल्यालाही जन्माच्या घरी परतून तो दर्जा सोडता येत नाही. देवाचे दत्तक इतके पक्के आहे का, यावर चर्चमध्ये खरा मतभेद आहे. 1646 च्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रात, म्हणजे प्रोटेस्टंटांच्या प्रेस्बिटेरियन शाखेच्या श्रद्धेच्या जाहीरनाम्यात, दत्तकावर एक स्वतंत्र छोटा अध्याय आहे. त्यात हे सर्व अधिकार सांगताना अशा मुलांना कधीही टाकले जात नाही असे निःसंदिग्धपणे म्हटले आहे, आणि प्रेस्बिटेरियन परंपरा तेच मानते. बेळगावात ज्यांच्या मंडळ्या आहेत ते मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंटांचीच दुसरी एक शाखा, असे मानत आले आहेत की पिता कोणाला हाकलत नाही, पण माणूस स्वतःच्या इच्छेने घर सोडून जाऊ शकतो. कॅथॉलिक शिकवणही गंभीर पापाने कृपेचे जीवन गमावता येते असे सांगते, मात्र बाप्तिस्म्याने उमटलेला शिक्का पुसला जात नाही असेही सांगते.

लूकच्या पंधराव्या अध्यायातला धाकटा मुलगा या साऱ्यांना आपलासा वाटतो. वाट्याची मालमत्ता उधळून तो परत येतो, आणि मला मोलकरी म्हणून ठेवा ही वाक्ये त्याने वाटेत जुळवून ठेवलेली असतात. बाप ती पुरी होऊ देत नाही आणि झगा, अंगठी व पायतण मागवतो. परतणाऱ्याला कसे घ्यावे याची चर्चमधली रीत त्याच धर्तीची आहे. कॅथॉलिक माणूस पापनिवेदन करून पुन्हा ख्रिस्तप्रसाद घेऊ लागतो, बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत पश्चात्ताप करून तो पुन्हा प्रभुभोजनाला बसतो, आणि वैध बाप्तिस्मा आधी झालेला असेल तर कितीही वर्षांनी परतला तरी त्याला दुसऱ्यांदा बाप्तिस्मा दिला जात नाही.